नऊ घरांचे उतारे

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. वडील महाडमधल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलं, आणि संध्याकाळी, मालकाच्या परवानगीनं, कुणा ना कुणाच्या अन्यायाविरुद्धचं पत्रक. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवली. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘धन्यवाद’च्या आधी लिहिता येत होता.

अशा मुलीला पहिली नोकरी लागली ती गप्प बसण्याची.

सातबारा संगणकावर मिळायला लागला होता, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तालुक्याच्या ऑफिसात एक नवी खिडकी, खिडकीमागे संगणक, संगणकाला जोडलेला कर्कश प्रिंटर. पुण्याच्या एका संस्थेला अभ्यास करायचा होता, की लोक ही खिडकी कशी वापरतात, कुठे अडतात आणि कुठून रिकाम्या हाती परत जातात. हल्ली या कामाला भारदस्त इंग्रजी नाव आहे. माझ्या पत्रात ‘निरीक्षक’ असं लिहिलं होतं. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके माझ्याकडे होते. आता सांगणार आहे ती खिडकी यातली कुठली, ते गुलदस्त्यातच राहू दे. तिथली माणसं मला आवडतात, आणि चूक तर माझीच होती.

संस्थेच्या बाईंनी निघताना मला एक वही आणि एक नियम दिला. “तू तिथे नाहीस असं समज. मदत करायची नाही, शिकवायचं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं.”

मी खिडकीशेजारी एका लाकडी स्टुलावर बसू लागले. पहिले दोन दिवस माझी जीभ खाजत होती. तिसऱ्या दिवसापासून मला त्या स्टुलाचा नाद लागला. माणसं एवढी मजेची असतात हे मला पत्रकांनी कधी सांगितलंच नव्हतं. पत्रकांत फक्त ‘जनता’ असायची, आणि जनता कधी छत्रीच्या काडीत सातबारा गुंडाळून नेत नाही.

संगणक गट नंबर विचारायचा आणि लोक शेताचं नाव सांगायचे. “वडाखालचं खाचर काढा.” “सतीच्या ओढ्याचं.” एका म्हाताऱ्या बाबांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “यात बांध कुठं दिसतो?” आणि ती भोकं! प्रिंटरच्या कागदाला दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असतात. त्या फाडून टाकायच्या असतात. पण कुणीही फाडू द्यायचं नाही. “राहू दे, राहू दे, सरकारी हायत ती.” भोकं नसलेला उतारा एका काकांनी परत आणून दिला, म्हणे अर्धवट आहे. हे सगळं मी वहीत लिहायची आणि मनातल्या मनात हसायची.

खिडकीमागे बसायची ती माझ्याच वयाची, महाडच्या मोहल्ल्यातली. तिचे अब्बा कुवेतला गाडी चालवायचे आणि तिथून त्यांनी पाठवलेलं अत्तर ती लावून यायची. अख्ख्या ऑफिसात तेवढाच एक चांगला वास. की-बोर्डवर तिची बोटं बघत राहावीत अशी चालायची. तिच्यामागे टेबलाशी अव्वल कारकून. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. आणि खिडकीच्या वर एक बोर्ड, लाल अक्षरांत: ‘अर्जदाराने स्वतः हजर राहावे. एका व्यक्तीस एकच उतारा मिळेल.’

तो बोर्ड मला फार आवडायचा. का, ते पुढे येईलच.

त्या शुक्रवारी अकराच्या एसटीनं घाटाखालच्या एका वाडीतली बाई आली. पन्नाशीची, काटक, खोचलेलं लुगडं, पायात काही नाही, हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. नंबर तिला चौदावा मिळाला. पाऊण वाजता ती खिडकीशी पोचली आणि पिशवीतून तिनं चिठ्ठ्या काढून कट्ट्यावर मांडायला सुरुवात केली. एक, दोन, चार, नऊ. प्रत्येक चिठ्ठीला काहीतरी टाचलेलं: एकीला आंब्याचं पान, एकीला शर्टाचं बटण, एकीला कोंबडीचं पीस.

“नऊ उतारे हवेत गो बाय,” ती म्हणाली. “सगळ्यांचं गट नंबर लिवलंत.”

मी स्टुलावरून उठले. वही खाली पडली. नऊ माणसांचे उतारे एका बाईच्या हातात! एवढ्या वर्षांच्या पत्रकांनी मला शिकवलं होतं, की दुसऱ्यांचे कागद पिशवीत घालून ऑफिसच्या पायऱ्या झिजवणारा माणूस म्हणजे दलाल.

“एक मिनिट,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच सभेतला वाटला. “दुसऱ्यांचे कागद तुम्ही कशा काय मागता? गरिबांना लुबाडायचा धंदा इथे चालणार नाही. बोर्ड वाचा!”

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“ही कोन?” तिनं खिडकीतल्या मुलीला विचारलं.

“या इथे नाहीतच,” ती गंभीर चेहरा करून म्हणाली. माझा नियम तिला ठाऊक होता.

“नाय ना? मग बोलते कशी?” रांगेत हशा पिकला. बाई माझ्याकडे वळली. “अगो, मी दलाल काय? दलालाच्या पायात चपला असतात, माझ्या पायाला बघ. आमच्या वाडीतून खाली एक मानूस उतरतो आणि सगळ्यांची कामं करून येतो. आज माझी पाळी. नऊ घरांचं उतारं, दोघांच्या गोळ्या, बॅटरीचं सेल, एकाचं रेडू आजारी हाय त्याचं औषध. आता म्हन, रेडूला पन स्वतः हजर कर.”

पाळी. हा शब्द मी वहीत लिहायला हवा होता, पण वही जमिनीवर होती. वाडीत एसटी एकच. अकराला तालुक्याला येते, दोनला परत फिरते. ती चुकली तर थेट उद्या. मग नऊ माणसांनी नऊ दिवसांची मजुरी बुडवायची, की एकानं एक दिवस? त्यांनी हे केव्हाच ठरवून टाकलं होतं, बहुधा तालुक्याला ऑफिस असायच्याही आधी.

“कशाला हवेत नऊ?” भाऊसाहेबांनी मागून विचारलं.

आता बाईच्या आवाजातली मस्करी गेली. वाडीच्या वर, हंडा घेऊन चढता येणार नाही अशा कड्यात, एक झरा होता, बारमाही. त्याचं पाणी नळानं वाडीत आणायची योजना मंजुरीला चालली होती. पाइप नऊ जणांच्या जमिनीतून येणार. नऊही जणांनी संमती दिली होती, सह्या-अंगठे झाले होते. फक्त प्रत्येकाचा सातबारा जोडून उद्या शनिवारी प्रस्ताव द्यायचा होता. “नाय दिला तर पुढल्या वर्षी बघू म्हनालेत सायेब. पुढल्या वर्षी म्हंजे मार्चात पुन्हा दोन डोंगर उतरायचं नि हंडे घेऊन चढायचं. माझी सून सातव्या महिन्यात हाय.”

मग भाऊसाहेब खाकरले. “मावशी, बोर्डाप्रमाणे त्या नऊ जणांना यावं लागेल.”

“आनते की,” बाई म्हणाली. ती चिठ्ठ्यांवर बोट ठेवत गेली. “हा मुंबयला, मिलच्या चाळीत. हे दोघं भाव सुरतेला. हा हातरुनाला खिळलाय. हा सौदीला, त्याला विमान पाठवा. आणि हा,” तिचं बोट कोंबडीच्या पिसावर थांबलं, “हा तर वरच गेला, गेल्या साली. त्याच्या पोरानं सही केलीय, पन नाव अजून त्याचंच लागतंय. त्याला कसा आनू ते तुमी सांगा.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात थोडी दया होती.

“हा बोर्ड आम्ही हौसेनं नाही लावला, ताई,” ते म्हणाले. त्यांनी खण उघडला, फायलीखालून एक पिवळट कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

मथळा मी वाचला नाही. वाचायची गरजच नव्हती. ‘दलाल हटवा! ज्याची जमीन, त्याच्याच हाती उतारा!’ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी लिहिलेलं पत्रक. वडिलांनी खिळे जुळवले होते आणि याच ऑफिसच्या फाटकाशी उभी राहून मी ते वाटलं होतं. खाली मागणी क्रमांक तीन: अर्जदाराने स्वतः हजर राहावे, एका व्यक्तीस एकच उतारा द्यावा. शब्द न् शब्द बोर्डावर उतरला होता. मी पायऱ्यांवर उभी राहून घोषणा दिल्या होत्या, त्यातली एवढी एक मागणी मान्य झाली होती, आणि म्हणून तो बोर्ड मला एवढा आवडायचा.

खिडकीतली मुलगी हसू दाबायला खाली वाकली.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय. तुम्हीच लिहा दुसरं,” भाऊसाहेब म्हणाले. “मी नेतो आत साहेबांकडे.”

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दीडला जेवणाची सुट्टी, दोनला एसटी. मी वहीचं पान फाडलं आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक लिहिलं. धिक्कार नाही, हटवा नाही. मागणी क्रमांक तीन ही मी केली होती. ती करताना मी वाडीच्या एसटीची वेळ विचारली नव्हती. ही मागणी मागे घेते. खाली सही. सह्या मी भरपूर केल्या होत्या, पण ‘मागे घेते’ या शब्दांखाली पहिल्यांदाच.

नायब तहसीलदारांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. “सातबारा कुणीही कुणाचाही मागू शकतो,” ते म्हणाले. “कायद्यात कधीच अडचण नव्हती. तुमच्या पत्रकानंतर इथे फार आरडाओरडा झाला, म्हणून बोर्ड आला.” मग मिश्किलपणे, “तुमचे वडील अजून छापतात का हो? त्यांचा टाइप फार सुबक असतो.”

बोर्ड भाऊसाहेबांनी स्वतः स्टुलावर चढून काढला. माझ्याच स्टुलावर.

आणि मग प्रिंटर सुरू झाला. तो आवाज एरवी डोकं उठवायचा, त्या दिवशी ताशासारखा वाटला. खिडकीतल्या मुलीनं डबा उघडलाच नाही. एक उतारा, दोन, तीन. मध्येच कागद अडकला आणि रांगेतल्या चार माणसांनी एकदम “हळू, हळू!” म्हटलं, जणू गाय व्यात होती. पाचवा, सहावा. दोनला पाच कमी असताना स्टँडवरून भोंगा ऐकू आला.

“थांबेल तो,” बाई शांतपणे म्हणाली. “डायवरच्या घरचं सेल माझ्याकडंच हायत.”

नववा उतारा बाहेर आला तेव्हा मुलगी कागद फाडायला गेली आणि बाईनं तिचा हात धरला. “अखंडच दे गो. भोकांसकट.” मग त्या लांबलचक पट्टीच्या एकेका घडीत तिनं आपली निशाणी ठेवली: या घडीत आंब्याचं पान, या घडीत बटण, या घडीत पीस. तिला वाचता येत नव्हतं, पण कुणाचा कागद कुठला, यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. निशाणी ठेवताना ती प्रत्येक वेळी मुलीला नाव विचारून घ्यायची आणि मान डोलवायची. भाऊसाहेबांनी भराभर सह्या-शिक्के मारले.

आम्ही तिघी पळत सुटलो. होय, तिघी, खिडकी बंद करून मुलगीही आली. बाई पुढे, तिच्या काखेत नऊ घरांचे उतारे, मागे त्यांचं टोक फडफडतंय, ते मी धरलेलं. एसटीच्या खिडक्यांतून लोक ओरडत होते. कंडक्टरनं दार उघडं धरलं होतं. बाई पायरीवर चढली, वळली आणि मला म्हणाली, “काय गो, दलालाबरोबर पळालीस, आता तुझं कसं होनार?”

संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी चाळीस पानं लिहिली. भोकांबद्दल लिहिलं, शेतांच्या नावांबद्दल लिहिलं, खिडकीची वेळ एसटीच्या वेळेला जोडा असं लिहिलं. आणि पहिल्याच पानावर: मी नियम मोडला, बोलले, त्यातून जे कळलं ते गप्प बसून कळलं नसतं, पण बोलण्याआधी विचारलं असतं तर लवकर कळलं असतं. संस्थेच्या बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी समासात फक्त ‘हं’ लिहिलं.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या ऐन तोंडाला, वाडीतून निरोप आला. मी गेले. वाडीच्या मधोमध एक सिमेंटचा ओटा, ओट्यावर पितळी तोटी. पाण्याला धार बेताचीच होती, पण भर दुपारी ती वाहत होती. बाईची सून कडेवर पोर घेऊन हंडा भरत होती. त्या पोराला पाण्याखाली हात धरायला फार आवडत होतं. हात काढून घेतला की रडायचं. मीही माझा हात धरला. थंडगार.

निघताना बाई दारात आडवी आली. “खाली चाललीस ना तालुक्याला?”

“हो.”

“मग रिकामी जाऊ नको.” तिनं माझ्या हातात पाच चिठ्ठ्या दिल्या. तीन उतारे, एक उत्पन्नाचा दाखला, एक गोळ्यांचं नाव. एकीला जांभळाचं पान, एकीला काडेपेटीची पट्टी, एकीला बाळाच्या टोपड्याचा धागा. “पाळी तुझी,” ती म्हणाली.

मी एसटीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. ऑफिसात रांगेत उभी राहिले. नंबर अकरावा आला. खिडकीशी पोचून मी कट्ट्यावर चिठ्ठ्या मांडल्या, तर अत्तराचा वास आला आणि तिनं मान वळवून मागे मोठ्यानं हाक मारली:

“भाऊसाहेब, या लवकर! दलाल आली!”