पहिल्याच हाकेला ओ

भुतंखेतं, करणी, 'बाहेरचं'... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. उलट मानणाऱ्यांशी भांडले आहे, आणि तेही याच फोरमवर. अमावस्येला सर्व्हर रिस्टार्ट करू नये असं कुणीतरी गमतीत लिहिलं होतं, त्याचीसुद्धा मी सालटी काढली होती. त्यामुळे आज मीच या विभागात लिहायला बसले म्हटल्यावर काही जणांना आनंदाच्या उकळ्या फुटतील. फुटू देत.

लिहिते आहे कारण 'घरचा सर्व्हर घरी' ही माझी लेखमाला अर्धवट का सोडली, हे विचारणारे मेसेज थांबतच नाहीत. ताई पुढचा भाग कधी, ताई कॉलिंगचं सेटिंग सांगा ना... एकदाच सांगते, मग पुन्हा विचारू नका. आणि ज्यांना खाली 'वायरिंग तपासलं का' किंवा 'डॉक्टरला दाखवा' असं लिहायची खाज आहे, त्यांनी इथूनच परत फिरावं.

आमचं घर पळसदरीला. स्टेशनवरून धरणाकडे जायला लागलं की डाव्या हाताला, मागे भातशेती आणि तिच्यामागे लगेच डोंगर. घरात आम्ही तिघं. तात्या म्हणजे माझे वडील, रेल्वेत पॉइंट्समन होते. रिटायर झाले आणि काही वर्षांनी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं उरलं ते एकेका शब्दाचं. दुसरी त्यांची धाकटी बहीण, आमची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी आली ती आमचीच झाली. आणि तिसरी मी. लग्न केलेलं नाही. कुंभिवलीजवळ एका कारखान्यात नेटवर्क सांभाळते, रोज स्कूटीने जा-ये.

आता सर्व्हर. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आपले फोटो, फायली, घरातले कॅमेरे, आपापसातले कॉल हे सगळं परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवण्याऐवजी घरातल्याच एका छोट्या डब्यावर ठेवायचं. पूर्वी यासाठी काळ्या स्क्रीनवर कमांड बडवत बसायला लागायचं. आता डबा लावा, हवी ती सेवा निवडा, बटण दाबा, घरच्यांच्या फोनला कोड दाखवा, झालं. हे कुणालाही जमलं पाहिजे हा माझा हट्ट, म्हणून तर लेखमाला. आमचा डबा फडताळात होता, इन्व्हर्टरच्या शेजारी. माझा बाप कुठल्या वेळी रडला हे दुसऱ्या देशातल्या कंपनीला का कळावं? हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे.

तात्यांच्या उशाशी मी एक टॅब उभा करून ठेवला. मी कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत कॉल करायचा, त्यांनी मला बघायचं, मी त्यांना. पण बटण कोण दाबणार? तात्यांना जमत नव्हतं आणि आत्या टॅबला हातसुद्धा लावायची नाही. तेव्हा मी 'ऑटो-आन्सर' चालू केलं, म्हणजे पहिल्याच रिंगला टॅब आपोआप कॉल उचलणार. आणि कॉल लागला हे पलीकडे कळावं म्हणून उचलताना वाजायला तात्यांचाच जुना आवाज घातला. एका लग्नाच्या व्हिडिओत कुणीतरी त्यांना हाका मारतंय आणि ते मांडवातून खणखणीत "ओ!" देतात. तेवढा तुकडा कापून घेतला. मला फार छान वाटलं होतं ते... त्यांचा गेलेला आवाज रोज एकदा घरात वाजेल.

आत्याने पहिल्यांदा ऐकलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"तायडे, ह्ये काय केलंस? पयल्याच हाकेला ओ?"

आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, त्यातून भर दुपारी आणि तिन्हीसांजेला तर नाहीच. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल; जे माणूस नाही ते एकदाच मारतं, असं सांगतात. तात्या याबाबतीत एकदम कडक. शेजारी दारात उभा दिसत असला तरी दुसरी हाक ऐकल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. लहानपणापासून आमच्या घरात सगळ्यांना जोडीनेच, लागोपाठ दोनदा हाका मारायची सवय.

"आत्ये, त्यांना हाक कोन मारनार हाय? मीच ना?" मी म्हटलं.

"हाक तू मारशील गं. पन ओ सगळ्यांना ऐकू जाते."

मी हसले. अर्थातच हसले.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मी कॉल केला की तात्यांच्या ओठाची डावी कड हलायची, ते त्यांचं हसणं. मग उन्हाळा तापला, वाडीवरच्या बायका करवंदं घेऊन दारावर यायला लागल्या, त्या सुमारास एक दिवस मी कॉल केला आणि तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी चहा पाजायला गेले तर डाव्या हाताने कप असा ढकलला की चहा माझ्या मनगटावर सांडला. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात चिडचिड होते. मीही तेच धरून चालले.

मग एकदा भाकऱ्या करता करता आत्याने विचारलं, "तू त्याला दुपारची काय बोलतेस गं?"

"काय बोलते? जेवलात का, औषध घेतलंत का..."

"ते तू जेवायच्या सुट्टीत बोलतेस. त्याच्या आदी, भर बाराला फोन करतेस तवा? मी चुलीपाशी असते, मला समदं ऐकू येत नाय. पन जाऊन बघते तर मानूस रडत असतो. सख्ख्या बापाला असं बोलतात?"

बाराला मी कॉल करतच नव्हते. करणं शक्यच नव्हतं. आमच्या कारखान्यात फोन बंद करून गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तो जेवणाच्या सुट्टीतच हातात मिळतो. आत्याला सांगितलं. तिला पटलं नाही. दोघी इतक्या भांडलो की रस्त्यावरचं माणूस थांबून ऐकत होतं.

मी सर्व्हरवरची कॉलची नोंद काढली. रविवार सोडला तर रोज बाराला एक कॉल. करणारी मी. माझं खातं, माझाच फोन, आणि कॉल बाहेरून आलेला नाही, घरातल्या वायफायवरून आलेला. म्हणजे माझा फोन कुंभिवलीला लॉकरमध्ये बंद पडलेला असताना माझ्याच घरातून माझ्या बापाला कॉल करत होता.

हॅक, दुसरं काय. मी पासवर्ड बदलले. सगळं पुसून सर्व्हर नव्याने उभा केला. कॉल चालूच. शेवटी एके सकाळी इंटरनेटची वायरच काढली, बॅगेत घातली आणि कामाला घेऊन गेले. आता घराबाहेरून कुणाचा बाप आत येऊ शकत नव्हता. संध्याकाळी स्कूटी लावते तोवर आत्या ओट्यावर उभी.

"आज पन आला. आज मी दाराआड उभी राहून ऐकलं."

"काय ऐकलंस?"

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "तुमच्यापायी माझं लगीन राहिलं. रोज घरी येताना वाटतं, आज तरी सुटले असाल... असं म्हनालीस. तुझाच आवाज. तुझंच बोलनं."

हल्ली कुणाचाही आवाज नकली काढता येतो, हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. ते शिकवू नका. पण ती दोन वाक्यं मी जन्मात कुणाला बोलले नव्हते, कुठे लिहिली नव्हती. मनात आली होती. खूपदा आली होती. आजारी माणसाचं हगणं-मुतणं काढणाऱ्याच्या मनात असलं कधी येत नाही, असं म्हणणारा कुणी असेल तर त्याने समोर यावं, मी पाया पडेन. मनात काय येतं त्याचा जाब मी कुणाला देणार नाही. पण तात्यांना मी कधी उलटून शब्द बोलले नव्हते, आणि ते मात्र रोज माझ्या तोंडचं हे ऐकत होते.

"काढ तो डबा आन फेक धरनात," आत्या म्हणाली.

डबा फेकणं सोपं होतं. पण मग तात्या मरेपर्यंत हेच धरून बसले असते की ते बोलणारी मीच. मला ते नको होतं. बाकी काही गेलं तरी चाललं असतं, हे नाही. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

बारा वाजायच्या आधी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. फोन बंद केला, काळा पडलेला पडदा दाखवून त्यांच्या हातात दिला.

"तात्या, तात्या... मी हितंच हाय. फोन तुमच्या हातात हाय. आता त्याच्यातून जे बोलंल ती मी नाय. तुमी फक्त माझ्या तोंडाकडं बघा."

बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन सोडून माझा हात धरला. आत्या दारात उभी होती. बाहेर ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते.

बाराला एकच रिंग वाजली. टॅबमधून तात्यांचा जुना खणखणीत आवाज आला, "ओ!" पडदा काळा. आणि मग मी बोलले... म्हणजे माझा आवाज. रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज आपल्याला परका वाटतो ना? हा तसा नव्हता. आपण बोलत असताना आपल्याच कानाला जसा लागतो, अगदी तसा होता.

"तात्या."

मी ओठ घट्ट मिटून त्यांच्यासमोर तोंड नेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॅबकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांना कळलं. शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं. डोळे भरून आले, हाताची पकड घट्ट झाली. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात ते पुन्हा बोललं. इतक्या मायेने मी स्वतः त्यांच्याशी कधी बोलले नसेन.

"तात्या, घाबरू नका. ती जी तुमच्या बाजूला बसलीय ना... ती मी नाय."

तात्यांनी हात काढून घेतला. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा. "तात्या, मीच हाय, तायडी हाय!" मी ओरडले. जेवढी ओरडत गेले तेवढे ते भिंतीला चिकटत गेले. मी टॅब उचलून जमिनीवर आपटला, फुटेपर्यंत आपटला.

त्या कॉलचं रेकॉर्डिंग मी मुद्दाम लावून ठेवलं होतं. त्यात तात्यांचा "ओ" आहे, मग शांतता, मग मी किंचाळते ते. मधलं काही नाही. आत्याने मात्र सगळं ऐकलं होतं. त्याबद्दल विचारलं की म्हणते, "मला इचारू नको, माझे आई."

डबा मी काढला. गावात आणखी दोन घरांना मी असेच डबे बसवून दिले होते, ते अजून व्यवस्थित चालतात. तुम्हीही बसवा, खुशाल बसवा. तो कॉल पुन्हा कुठेही आला नाही.

तात्या पावसाळाभर राहिले. माझ्या हातचं अन्न नाही, औषध नाही. मी खोलीत गेले की डोळे मिटायचे, आणि मी बघत नाही असं वाटलं की हळूच माझ्याकडे बघायचे. कुणी परकी बाई घरात शिरल्यावर बघावं तसं. शेतातलं भात पोटरीला आलं तेव्हा त्यांना श्वास लागला. आत्याने माझ्या हातात वाटी-चमचा दिला, म्हणाली, "तू घाल पानी. लेक हायस." मी चमचा ओठांना लावला. मान उचलायची ताकद नव्हती त्या माणसात, पण दात आवळून धरले. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. मग आत्याने चमचा घेतला, आणि त्यांनी तोंड उघडलं. दोन चमचे प्यायले. आणि झटक्यानंतर कधी नव्हे ते अख्खं वाक्य बोलले, आत्याशी.

"तायडी नाय आली अजून?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. "येल रं दादा," ती म्हणाली, "येतेच हाय."

ते काय होतं, कुठून आलं, आमच्याच घरी का आलं, मला आजही माहीत नाही. तात्या माझी वाट बघत गेले, आणि मी तिथेच उभी होते.