गेली का घरघर?

आमच्या ह्यांचं काम लोकांना समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ येतात. वायरमन म्हटलं की लोक पंखा दाखवतात. हे पंख्याला हात लावत नाहीत. मोठाले स्पीकर लावून गाणी ऐकणाऱ्या शौकिनांच्या खोलीत हे मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून देतात. तिच्यावर फ्रिज नाही, मिक्सर नाही, फक्त गाणं. शेवटी स्पीकरला कान लावून बसायचं आणि घरघर नसेल तरच हत्यारांची पिशवी उचलायची. आमच्या स्वयंपाकघरातलं बटण मात्र तीन वर्षं चिकटपट्टीवर तग धरून आहे.

वर्षभरापासून ह्यांच्या कानांनी दगा दिलाय. दाराची बेल मीच ऐकायची, फोनही मीच. डॉक्टरांचं नाव काढलं की हे पेपर तोंडासमोर धरतात. "गिऱ्हाइकांना कळलं तर कोण बोलावेल मला?" एवढंच उत्तर. त्यात एका निवृत्त प्राध्यापकांची घरघर येते म्हणून दोनदा तक्रार आली. दोन्ही वेळा हे स्पीकरला कान लावून "साफ आहे" असं सांगून आले. तिसरा फोन आला तेव्हा म्हणाले, "आज नाही जमलं तर पक्कड ठेवून देतो." मग चपला शोधत पुटपुटले, "तू चल."

माझा पारा चढला. सकाळपासून ओट्याशी उभी होते, गुडघे ठणकत होते. तरी गेले. ह्यांच्याशिवाय पक्कड आणि पक्कडीशिवाय हे, दोन्ही मला बघवलं नसतं.

प्राध्यापकांच्या खोलीत मी स्पीकरला कान लावला. घरघर होती, अगदी स्पष्ट. मी ह्यांच्याकडे बघून मान डोलावली. ह्यांचा चेहरा पडला. मग हे वायरमागे निघाले, भिंतीवर हात फिरवत. पुस्तकांच्या कपाटामागे थांबले. सॉकेटमधून एक जास्तीची हिरवी वायर खिडकीबाहेर जाऊन बागेत जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलेली होती.

"ती मी ठोकली," प्राध्यापक खुशीत म्हणाले. "लाइन वेगळी, तर अर्थिंगही वेगळं हवं ना?"

"साहेब, घराला अर्थिंग एकच," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी ह्यांचा आवाज असा ठणठणीत ऐकला. "दोन केलीत की दोन्हींच्या मधे करंट फिरत राहतो. तीच ही घरघर. आणि एखाद्या दिवशी झटका बसेल तो वेगळाच."

मेन बंद करून ह्यांनी ती वायर काढली. मग बाहेरच्या बोळात जाऊन मेन चालू केला. मी कान लावला. काही म्हणता काही नाही.

"गेली का?" बाहेरून आवाज आला.

"गेली."

"गेली का गं?"

"गेली हो!" मी ओरडले.

"अगं, गेली का?"

प्राध्यापक माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. मला रडू आलं. मी उठून बोळात गेले. हे बटणावर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभे होते. मी मान डोलावली, तेव्हा कुठे हसले.

घरी जाताना पहिल्यांदाच ह्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"उद्या दोन ठिकाणी जायचंय," म्हणाले. "येशील?"

मी पार दमले होते. "येईन," म्हटलं. हे अजून माझ्याकडेच बघत होते. मग मी मान डोलावली.