कापगते सर आणि पुस्तकाबाहेरचा पाय

मारोतराव कापगते सर आणखी एक वर्ष अस्थिरचनेचा वर्ग घेणार आहेत. आमच्या एक्स-रे तंत्रज्ञ अभ्यासक्रमाच्या प्राचार्य सुनंदाताईंनी काल तसे पक्के सांगितले. पंचाहत्तरी गाठल्यावर सर थांबतील, ही आम्हा जुन्या-नव्या विद्यार्थ्यांची धास्ती तूर्त टळली.

सरांशी माझी पहिली ओळख माझ्या चुकीतून झाली. भंडाऱ्यातल्या एका एक्स-रे केंद्रात मी शिकाऊ होतो; सर तिथे शिकाऊंचे काम पाहायला येत. मोहाडीकडच्या एक आजी धानाच्या बांधावरून घसरल्या होत्या. त्यांना बाजेवरून आणले होते. उजवा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळले होते. मांडीच्या हाडाची मान नीट दिसण्यासाठी पाऊल थोडे आत वळवावे, असे पुस्तकात होते. मी पाऊल धरले.

"काहून मारून राहिला रे बाबू मले?" आजी ओरडल्या.

मागून सरांनी माझे मनगट पकडले. "सोड. पाय आखूड, पाऊल बाहेर. खुब्यात मोडलं असंल, दिसून नाही राहिलं काय? पुस्तकातला पाय धडधाकट माणसाचा होता."

मोडलेली टोके सरकली तर हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि आजींचे चालणे कायमचे जाऊ शकते, हे मला तेव्हा उमगले. सर आजींकडे वळले. "माय, दुखऱ्या पायाले हात नाही लावत. चांगला तेवढा वर घ्या."

"या पोट्ट्यानं पुन्हा धरला तं लाथच मारीन."

"चांगल्या पायानंच मारजा."

आजी दुखण्यातही हसल्या. सरांनी दुखरा पाय होता तसाच ठेवला, दुसरा उचलून धरला आणि बाजूने फिल्म घेतली. हाड मोडले होते, पण टोके फारशी सरकलेली नव्हती. नागपुरात शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी आजी काठी टेकत तपासणीला आल्या आणि "पाय ओढणारा हाय का अजून?" म्हणून माझी चौकशी केली.

मी होतो, तो सरांमुळे. त्या घटनेनंतर शिक्षण सोडतो म्हणालो, तेव्हा ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला एक्स-रेच्या उघड्या, बिनगादीच्या टेबलावर अर्धा तास निश्चल झोपवले आणि विचारले, "कोणती हाडं टोचली?" डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, माकडहाड, टाचा. "लिहून घे. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर तं मांसबी नसते." तेव्हापासून प्रत्येक नवा विद्यार्थी आधी टेबलावर झोपतो, मग पुस्तक उघडतो.

छातीच्या फिल्मसाठी मंगळसूत्र काढावे लागले, तर सर ते ट्रेमध्ये कधी ठेवू देत नाहीत. "तुमच्याच पदराच्या गाठीत बांधा, माय," म्हणतात आणि पाठ फिरवून उभे राहतात.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे असेच धडधाकट राहोत आणि करडा आवाज असाच खणखणीत राहो. सोमवारी नवी तुकडी येत आहे. यंदा खुब्याचा धडा मी शिकवावा, असे सरांनी सांगितले आहे. ते मागच्या बाकावर बसणार आहेत. त्यांची अट एकच: सुरुवात माझ्या चुकीपासून करायची.