वहिनींचे रविवार

वहिनींबद्दल मला फार काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या थोरल्या भावाशी त्यांचं लग्न झालं तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि त्या गेल्या तेव्हा मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात त्यांच्या हातचा किती चहा प्यालो त्याला गणती नाही. पण त्यांना काय आवडायचं असं कुणी विचारलं, तर मी भिंतीकडे बघत बसेन. त्या डावखुऱ्या होत्या हेसुद्धा मला त्यांनी मोबाइल हातात धरला तेव्हा समजलं.

फोटो क्लबाचे सचिव म्हणाले, त्यांचे फोटो भिंतीवर लावतोय, खाली चार ओळी लिहून द्या. चार ओळींत काही मावेना. मला लिहायची सवय नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी जन्मभर लिहिलं ते एवढंच, की आपली तक्रार मिळाली, पुढील कार्यवाही होईल. तेव्हा हे लांबलं तर समजून घ्यावं.

वहिनी बुटांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. जोड समोर यायचा, शिवण बघायची, टाच बघायची, दोन्हींचा रंग एक आहे ना बघायचं आणि पुढे सरकवायचा. त्यामुळे माणसाच्या तोंडाआधी त्या पायांकडे बघायच्या. "भाऊजी, उजवी टाच झिजलीय. तिरके चालता तुम्ही," हे मी त्यांच्या दारात कितीदा तरी ऐकलंय. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळून घरी आला की बोलायचा ते दोघांचं मिळून एकटाच.

म्हातारपणी दादाला झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत राहिलं. "जायला हवं होतं ते नेमकं राहिलं," असं वहिनी म्हणायच्या, त्याच्यासमोरच. मी एकटा माणूस, दोन गल्ल्या सोडून राहतो. रोज सकाळी जायचो, दुपारी जेवून परत यायचो. दादाची कूस बदलायला दोघं लागायची. मी खांदा धरायचा, वहिनी कंबर धरायच्या, आणि दादा म्हणायचा, "हळू. लिफ्ट ओव्हरलोड आहे."

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. माकडहाडापाशी जखम झाली. ड्रेसिंगला एक नर्स यायची, चांगली पोरगी, वहिनींना काकू म्हणायची. डॉक्टर लांबच्या इस्पितळात. ते म्हणाले, प्रत्येक वेळी येणं जमणार नाही, जखमेचा फोटो पाठवत जा.

वहिनींच्या फोटोग्राफीची सुरुवात ही अशी झाली. पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा आला. दुसऱ्यात सगळा अंधार. डॉक्टरांनी कळवलं, काही दिसत नाही. नर्स म्हणाली, "फ्लॅश नको काकू, पांढरं फटक दिसतं. खिडकीचा उजेड घ्या." मग आम्ही पलंग ओढून खिडकीशी नेला. वहिनींना कळलं की उजेड समोरून आला तर जखम सपाट दिसते, बाजूने आला तर तिची खोली दिसते. लहान-मोठी कळावी म्हणून त्या शेजारी एक नाणं ठेवायच्या. मी उशी धरून उभा. दादा भिंतीकडे तोंड करून.

"झालं का? हसू का?"

"तिकडून हसून काय उपयोग?" वहिनी म्हणायच्या. "हलू नका, एवढंच पुरे."

त्या दिवसांत वहिनी किती दमल्या होत्या हे मला सांगता येईल की नाही कोण जाणे. त्या फ्रिजला कपाळ टेकून उभ्या राहायच्या. मला आधी वाटलं आत काहीतरी शोधताहेत, पण दार बंदच असायचं. चहा गाळता गाळता पेंगायच्या. एकदा सकाळी त्यांनी दोन पायांत दोन जोडांच्या चपला घातल्या होत्या, आणि ते मी दाखवून दिलं तेव्हा हसल्या नाहीत. खाली बघत राहिल्या, जणू टेबलावर सदोष माल आलाय.

पण फोनमध्ये जखमेबरोबर हळूहळू दुसरं काही काही जमू लागलं. चादरीच्या सुरकुत्या. औषधाच्या ग्लासात बुडालेला चमचा. एकदा गच्चीतल्या लाल प्लास्टिकच्या टबावर ऊन पडलं आणि त्याची लाली उडून खिडकीच्या पडद्यावर आली, तर त्यांनी तोही फोटो काढला. आणि घाईघाईत तोच डॉक्टरांना गेला.

डॉक्टरांचं उत्तर आलं. "सुधारणा आहे. कडा स्वच्छ दिसताहेत. ड्रेसिंग तसंच चालू ठेवा."

वहिनींनी ते मोठ्याने वाचलं. मग दादा म्हणाला, "चला, पडदा वाचला," आणि आम्ही तिघंही इतके हसलो की दादाला ठसका लागला, त्याला उठवून बसवावं लागलं. खरा फोटो वहिनींनी लगेच पाठवला. त्याला उत्तर आलं नाही.

नर्सने ते सगळे फोटो पाहिले आणि म्हणाली, "काकू, माझे सासरे फोटो क्लबात आहेत. वाचनालयाच्या वर, दर रविवारी सकाळी. तुम्ही जा." सासरे म्हणजेच ते सचिव. ते बारा महिने टोपी घालत, म्हणून वहिनींनी त्यांचं नाव टोपीवाले ठेवलं. नियम असा होता की पाहुणा म्हणून यावं, बसावं, आणि पटलं तर सभासद व्हावं. सभासद होताना आपले काही फोटो पडद्यावर दाखवायचे आणि दोन शब्द बोलायचे.

त्यानंतर जाऊ का नको हे बरेच दिवस चाललं. चादर पिळताना एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या.

"भाऊजी, तुम्हाला काय वाटतं? जाऊ का?"

"जा की."

"तुम्ही सगळ्यालाच जा की म्हणता."

हे खरं होतं.

"मला काय येतं सांगा. घड्या आणि ग्लास. तिथे लोक डोंगरबिंगर काढत असतील." मग थोड्या वेळाने, "आणि यांचं कोण बघणार?"

"मी आहे ना."

दादाला विचारलं तर म्हणाला, "जा की. मी कुठे पळून जातोय?" आणि त्या दुपारी जेवायला तोंड उघडेना. मला म्हणाला, तुझे हात गार आहेत.

शेवटी एका रविवारी त्या गेल्या. चांगले बूट बाहेर काढले, कारखान्यातून निघताना मिळालेले, एकदाही न घातलेले. दादा सकाळभर छताकडे बघत पडला होता. मी विचारलं, "पाणी हवं?" नको. "कूस बदलू?" नको. "बाकी काही?" नको म्हटलं ना.

वहिनी परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा जरा सुजल्यासारखा दिसत होता. मी घाबरलो.

"झोपले हो मी," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये अंधार करतात. पडद्यावर पक्षी, मग डोंगर, मग म्हातारे. म्हातारी माणसं लोकांना फार आवडतात, फोटोत. खुर्ची बरी होती. डोळा लागला तो दिवे लागेपर्यंत."

"घोरलीस का?" पलंगावरून आवाज आला.

"टोपीवाले म्हणाले, थोडंसंच." त्या बूट सोडायला बसल्या. "कुणी हाक मारली नाही मला. इतक्या वेळात एकदाही नाही." हे त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. बहुधा बुटांना.

मग त्या दादाजवळ गेल्या आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. दादाने सकाळपासून लघवीचं भांडं मागितलं नव्हतं. दम धरून पडला होता. घामाने त्याचा सदरा भिजला होता.

"का हो? भाऊजींना सांगायला काय झालं?"

"त्याला काय सांगायचं? धाकटा आहे तो माझा."

"मग फुटायचं होतं का?"

दादाला मोकळं करून, पुसून वहिनी स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "जाऊ दे भाऊजी. नाही जात मी." चिडल्या नव्हत्या. भांडं घासून ठेवावं तसं बोलल्या.

टोपीवाल्यांचा दोनदा फोन आला. शेवटच्या रांगेतली खुर्ची ठेवलीय म्हणाले. वहिनी म्हणाल्या, बघू. बूट परत खोक्यात गेले. जखम मात्र खरोखरच भरत आली होती. त्यात एका सकाळी ड्रेसिंग झाल्यावर वहिनींनी दोन पावलं मागे सरून एक फोटो काढला, तो डॉक्टरांसाठी नव्हता. जखम चादरीखाली होती. नुसती दादाची पाठ, खिडकीचं ऊन मणक्यावरून खाली उतरलेलं. मला फोटोतलं कळत नाही. पण हा माणूस आपला कुणीतरी आहे असं ती पाठ बघून वाटायचं.

"हा दाखवायचा मनात होता," त्या म्हणाल्या, "क्लबात. यांना विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तोंड दिसतंय का त्यात? म्हटलं नाही. तर म्हणाले, मग कुणाला कळणार कुणाची आहे? मी म्हटलं, मला कळेल. मग पाणी मागितलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी वहिनी औषधं आणायला बाहेर पडल्या. फोन घरीच राहिला होता. दार लागल्याचा आवाज झाला तसा दादा म्हणाला, "अरे, ते पाठीचं काय आहे, बघू."

मी फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने बराच वेळ बघितलं. चष्मा मागितला, परत बघितलं.

"एवढा वाळलोय?"

"जरा."

"हा तीळ माझा?"

"असणार. मी तर काढलेला नाही."

त्याला हसू आलं नाही. "आयुष्यभर पाठीवर घेऊन फिरतोय, कुणी सांगितलं नाही." मग म्हणाला, "तुला हे रोज दिसतं?"

"माझं लक्ष उशीकडे असतं."

"पण दिसतं."

"दिसतं."

"खालचंसुद्धा."

"हो."

"आणि तू काही बोलत नाहीस."

"काय बोलायचं, दादा?"

तो खिडकीकडे बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पिपाणी वाजत राहिली. ती थांबल्यावर दादा म्हणाला, "बरं. ते भांडं दे."

मी दिलं. कसं धरायचं ते मला नीट ठाऊक नव्हतं. तोच म्हणाला, "तिरकं कर. इतकी वर्षं पाणीपुरवठ्यात काढलीस, एवढं कळत नाही?"

वहिनी आल्या, पिशवी ठेवून हात धुवायला न्हाणीघरात गेल्या. भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं, त्यांच्या पद्धतीने नाही, उलट्या कोपऱ्यात. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणी?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने डोळे मिटून घेतले होते. संध्याकाळी मी सहज डोकावलो तर बुटांचं खोकं दाराशी होतं.

त्यानंतर त्या सभासद झाल्या. मला वाटलं होतं त्या पाठीचा फोटो दाखवतील. त्यांनी पडद्याचा दाखवला, लाल डागाचा, आणि डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. टोपीवाले सांगतात, हॉल एवढा हसला की खालून वाचनालयातला माणूस वर बघायला आला. मी वहिनींना विचारलं, तो दुसरा का नाही दाखवला?

"ज्याला दाखवायचा होता त्याने बघितला ना," त्या म्हणाल्या. "आता चादरीचं टोक धरा."

क्लबाचे लोक त्यांना उगाच मोठं करतील म्हणून सांगतो, त्या तिथे फार काही करत नसत. सहलींना कधी गेल्या नाहीत. शेवटच्या रांगेत बसायच्या, बहुतेक वेळा झोपायच्या. परत आल्यावर कुणाचे बूट कसे होते ते सांगायच्या. दमलेल्या होत्या त्या दमलेल्याच राहिल्या. रविवारी सकाळी थोडं कमी, एवढंच. दादा दर रविवारी त्या निघताना म्हणायचा, "घोरू नकोस," आणि त्या म्हणायच्या, "प्रयत्न करते."

दीडेक वर्ष असं गेलं. मग त्यांना खोकला झाला, तो जाईना. नर्स म्हणाली, छातीचा एक्स-रे काढून घेऊ, मी नेते गाडीने. रविवार नव्हता. आम्हाला कुणालाच त्यात विशेष काही वाटलं नाही. तिथे त्यांना ठेवून घेतलं, आणि दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं. दादाला सोडून मला जाता आलं नाही. दादा अजून आहे. मी आता तिथेच राहतो. पडदा तोच आहे.

एक्स-रेला निघताना त्या दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होत्या. दादा झोपला होता. खाली नर्सने हॉर्न वाजवला.

"डावी कूस झालीय," वहिनी म्हणाल्या. "उठले की उजवी. सूप फ्रिजमध्ये आहे."

"बरं."

त्या उठल्या, कडीला हात घातला आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"भाऊजी, ती टाच अजून तशीच आहे."

"बदलून घेतो," मी म्हटलं.

"घ्या एकदाची."