भीमाबाईंचा डावा हात

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या, मराठी घरांत बाळ जन्मलं की पहिला निरोप भीमाबाईंना जायचा. मला त्यांनीच न्हाऊ घातलं होतं आणि तीस वर्षांनी माझ्या स्वानंदलाही. पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या आणि तेलाचे हात पाठीवरून सावकाश फिरवायच्या. स्वानंद बारा दिवसांचा असताना त्याच्या मांडीशी त्यांचा हात थांबला. "निवेदिता, हा पाय वेगळा लागून राहिला मले. डॉक्टरले दाखव." दवाखान्यात आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण त्याच्या खुब्याचा सांधा खरंच सैल निघाला. वेळेत पट्टा बांधला म्हणून आज तो पळतो.

भीमाबाई लग्न होऊन गोंदियाकडून रायपूरला आल्या. नवरा हरिदास रेल्वेत होता, तो लवकर गेला. त्यानंतर एकुलत्या पिंकीला त्यांनी याच कामावर वाढवलं. पिंकीचं सासर भिलाईला. तिची दोनदा पोटातली बाळं गेली, त्या दोन्ही वेळा भीमाबाई महिनाभर कामाला आल्या नाहीत. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पाचवा महिना लागला, तेव्हा कुठे त्यांनी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली.

तेव्हाच, फेब्रुवारीत, सदर बाजारातल्या एका घरी बाळाला न्हाऊ घालताना त्यांचा डावा हात अचानक कळेनासा झाला. बाळ डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला लागत नव्हतं. त्यांनी बाळाच्या आईला हाक मारली. "लेकरू घे. आधी लेकरू घे." तिने बाळ उचललं आणि भीमाबाई एका कुशीवर कलंडल्या.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. पंधरा दिवसांत त्या भिंत धरून चालू लागल्या. हाताची मूठही वळायला लागली. पिंकी आठवा महिना लागून माहेरी येईपर्यंत आई ठणठणीत होणार, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

एप्रिलमध्ये हाताची आग सुरू झाली.

पदर डाव्या हातावर घसरला तरी त्या ओरडायच्या. बांगड्या काढून ठेवल्या, ब्लाउजची डावी बाही कात्रीने कापली. रायपूरच्या मे महिन्यात त्या कूलर बंद करून बसायच्या, कारण वाऱ्याची झुळूक चटक्यासारखी लागायची. मी हाताकडे पाहायची. ना सूज, ना फोड, ना लाली. शेजारच्या बायकांनाही तेच दिसायचं. "हात तर चांगला आहे भीमाबाईचा," त्यांच्यातली एक मला म्हणाली, "आता काम नको असेल." हे त्यांच्या कानावर गेलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सौमित्र तरुण होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी कापसाचा बोळा हातावर हलकेच टेकवला, तशा भीमाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग तोच हात त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरला. ते भीमाबाईंनी सोसलं.

डॉक्टर हिंदीत सांगत गेले, मी भीमाबाईंना मराठीत सांगत गेले. कातडीला जे लागतं ते कातडीला कळत नाही, कळतं ते मेंदूला. हातापासून निघालेली खबर मेंदूच्या मधोमध एका ठिकाणी येते. ऊन की गार, मऊ की टोचणारं, याची निवड तिथून पुढे होते. तुमची तीच जागा गुठळीने दुखावली. आता खबर मऊ कापसाची निघते आणि वर पोहोचते ती आगीची.

भीमाबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग कापून टाका म्हणा. हात नाही, त आग नाही."

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "हात कापला तरी आग राहील. ती हातात नाहीच."

त्या दिवशी रिक्षातून परत येताना भीमाबाई पहिल्यांदा रडल्या.

गोळ्यांनी आग निम्मी झाली, पण दिवसभर झापड यायची. हाताला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या रोज मऊ फडकं, मग टॉवेल, मग मूठभर तांदूळ डाव्या हातावर फिरवायच्या. दात आवळून फिरवायच्या. पिंकीला हात दुखतो एवढंच सांगायचं, बाकी काही नाही, अशी मला ताकीद होती.

जूनच्या शेवटी पिंकीला मुलगी झाली, जुई. बाळंतीण घरी आली तेव्हा न्हाऊ घालायला दुसरी बाई ठेवावी लागली. भीमाबाई बाजूला बसून सांगायच्या, "पाठीवर जोर देऊ नको. मानेखाली हात ठेव." ती बाई ऐकायची नाही. भीमाबाई तोंड फिरवून बसायच्या.

जुई अठरा दिवसांची असेल. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. पिंकी न्हाणीघरात होती आणि पोर पाळण्यात रडत होतं. भीमाबाईंनी तिला उजव्या हाताने उचललं, गादीवर बसून मांडीवर घेतलं. जुई गप्प झाली. मी दारातच थांबले. बाळांना न्हाऊ घालतानाचा त्यांचा तो चेहरा मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

मग जुईने पाय झाडला. टाच डाव्या मनगटाला नुसती घासली. भीमाबाईंचं सगळं अंग झटक्याने मागे गेलं आणि पोर मांडीवरून गादीवर पडलं.

लागलं काही नाही. वीतभराची उंची आणि खाली गादी. पण पिंकी ओल्या केसांनी धावत आली, पोरीला छातीशी धरून किंचाळली, "आई, मत छू इसको! तुझसे नहीं होता तो मत छू!"

भीमाबाईंनी स्वतःची बाजू मांडली नाही. मीच पिंकीला बाहेर नेऊन सगळं सांगितलं, पुढे डॉक्टरांकडेही नेलं. ते तिला म्हणाले, "वो झटका उनके सोचने से पहले आता है. वो चाहें तो भी नहीं रोक सकतीं." पिंकी खूप रडली, घरी येऊन आईच्या पायाशी बसली. "मुझे पता नहीं था, आई."

"तुह्या जागी मी असती त मीही तेच केलं असतं," भीमाबाई म्हणाल्या. त्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. पण त्या दिवसानंतर पिंकीने पोरीला आईजवळ एकटं सोडलं नाही आणि भीमाबाईंनी स्वतःहून कधी उचलून घेतलं नाही. सव्वा महिना होताच पिंकी भिलाईला गेली.

जुई आता दोन वर्षांची आहे. पिंकी आणि तिचा नवरा सुशील तिला महिन्यातून एकदा आणतात. दारातून आत येताना पिंकी अजूनही सांगते, "आजी का ये वाला हाथ नहीं छूना." पोरगी शहाणी आहे, वळसा घालून उजवीकडूनच येते आणि आजीचं बोट धरते.

परवा ती मंडळी गेल्यावर मी भीमाबाईंजवळ बसले होते. म्हटलं, "उजव्या हाताने तरी मालिश करून द्यायची होती तिला. तो तर चांगला आहे."

"उजवा हात धरते, पोरी," त्या म्हणाल्या. "वळखते तो डावा. माहं तसंच होतं, पहिल्यापासून. तुही पाठ मले आजही ठाऊक आहे. तुह्या पोराची ठाऊक आहे. या पाऱ्यातल्या किती जणांची ठाऊक आहे." त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. "जुईची पाठ कशी आहे, मले नाही ठाऊक."

त्यांच्या हातावर हात ठेवावा असं फार वाटलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते.