सामनेवाल्यात मामांचं नाव

"आज भरपाईचा दावा दाखल झाला नाही, तर मुदत गेली," वकीलबाई फोनवर म्हणाल्या. अपघाताला सहा महिने पुरे होत होते. वरच्या कोर्टात या मुदतीवरून वाद चालू आहे म्हणे, पण त्या भरवशावर राहू नका, असं त्यांनी बजावलं.

माझा धाकटा भाऊ सायखेड्याला गवंडीकाम करतो. टोमॅटोच्या पिकअपनं त्याला मोटारसायकलसकट उडवलं. मांडीत घातलेली सळई नीट बसली नाही. दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पाय जन्माचा गेला, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याला पैसा कुठून आणणार? बरं, पिकअप कुणाची? माझ्या सासूबाईंच्या सख्ख्या भावाची! चालवत होता त्यांचा ड्रायव्हर.

"मामांच्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. माझ्या भावाला कोर्टात खेचू नकोस," सासूबाई म्हणाल्या. लग्न पुढं ढकललं, तसे आम्हीही थांबत गेलो. मी चोरून कागद वकीलबाईंकडे दिले होते, पण सहीला भाऊ येईना. "ताई, माझ्यापायी तुझ्या घरात भांडण नको," एवढंच त्याचं पालुपद.

त्या दिवशी फोन ठेवून मी सरळ सायखेडा गाठलं आणि त्याला रिक्षात घातलं. द्वारका चौकात येऊन गाड्यांच्या गर्दीत अडकलो, पुढं ना मागं.

"जाऊ दे ना ताई. आता लय दुखत नाय."

"गप बस! परांचीवर चढता येतंय का, ते सांग."

त्यानं पाय हातानं उचलून सरळ केला.

कोर्टात वकीलबाईंनी अर्ज पुढं केला. सामनेवाल्यांत, म्हणजे ज्यांच्यावर दावा त्यांच्यात, पहिलंच नाव मामांचं. ते वाचून भावानं पेन खाली ठेवलं.

"हे नाव काढा."

"गाडीमालकाचं नाव घालावंच लागतं. पैसे विमा कंपनी देईल."

"तरीबी नको. लग्नघरात नोटीस जायची."

अर्ज घ्यायची खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. माझं डोकंच फिरलं. "मामा सासूबाईंचे भाऊ, मग तू माझा कोण रे?" मी ओरडले. व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले आणि मला रडूच फुटलं. त्यानं मुकाट्यानं सही केली. वकीलबाई अर्ज घेऊन धावल्या, शिक्का पडला.

नोटीस जाण्याआधी आपल्याच तोंडून कळावं, म्हणून बाहेर येऊन मी मामांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग इतके दिवस कशाची वाट बघत होतात, पोरी? विमा मी कशाला भरतो? थांबा म्हणून मी कधी म्हटलं होतं का?"

खरंच, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी नाही, ह्यांनी नाही, मीही नाही.

भाऊ बाकावर पाय लांब करून बसला होता. कपाळावर घाम होता.

"लय रागावले का गं मामा?"

"हो," मी म्हटलं. "लय रागावले. इतके दिवस थांबलो म्हणून."