सहा ठिपके आणि एक रेघ

भाईंदर पश्चिमेहून रिक्षाने मी ह्यांच्या ऑपरेशनची माहिती घ्यायला एका हॉस्पिटलच्या काउन्सेलरकडे चारदा गेले आणि चारही वेळा त्याने तेच चित्र काढलं. कागदावर दोन पोटं. एकावर सहा ठिपके, म्हणजे रोबोटचं ऑपरेशन. दुसऱ्यावर बेंबीपासून खाली उभी रेघ, म्हणजे पोट उघडून केलेलं. ठिपके अगदी हलक्या हाताने द्यायचा. रेघ मात्र इतकी दाबून ओढायचा की खालच्या कागदावर उमटायची. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काकू, रोबोट म्हणजे एकदम स्मूथ. रक्त कमी जातं, घरी लवकर." हे बोलताना तो माझ्याकडे नाही, दाराकडे बघायचा; बाहेरच त्याच्या साहेबांचं टेबल होतं.

कॅन्सरमुळे आमच्या ह्यांचं मूत्राशय काढायचं होतं. लघवीची पिशवी कायमची पोटाला लागणार, या धास्तीने त्यांनी अन्न टाकलं होतं. रोबोटने केलं तर पिशवी टळेल का, असं मी दर वेळी विचारायचे. तो दर वेळी म्हणायचा, "रोबोटमध्ये सगळं छोटं असतं, काकू."

चौथ्या वेळी मी खुर्चीवरून उठलेच नाही. "टळेल की नाही, तेवढं सांग."

त्याने जाऊन दार लावलं. ठिपक्यांच्या पोटाला एक पिशवी काढली. रेघेच्या पोटालाही काढली, त्याच जागी, तेवढीच. मला नीट बघू दिलं आणि कागदाचे चार तुकडे करून स्वतःच्या खिशात घातले.

मग दार उघडून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तर काकू, फक्त सहा छोटी भोकं."